तुमची नखं ठीक आहेत, बाबांच्या पोटरीकडे बघा

पत्र

डॉक्टर, मोबाइलवर एक तक्ता फिरतोय. कुठल्या अवयवाला रक्त कमी पडलं की अंगावर कुठे खूण उमटते, असा. तो वाचल्यापासून मी स्वतःलाच तपासत बसते. वय ३६. माझ्या आठ बोटांच्या नखांवर अर्धचंद्र नाही (तक्त्याप्रमाणे हृदय कमकुवत). हातांच्या शिरा फुगलेल्या आणि निळ्या (रक्त अशुद्ध). उजव्या कानाच्या पाळीवर तिरकी घडी. श्वास घेतला की नाडी जलद होते, सोडला की मंदावते. रात्री उताणी झोपले की पोटात धडधडतं. हात कायम गार. घरचे हसतात. कोणकोणत्या तपासण्या करून घेऊ?

ता. क. बाबा ६८ वर्षांचे आहेत. हल्ली चालताना त्यांची उजवी पोटरी भरून येते. मग ते थांबतात, मोबाइल बघितल्यासारखं करतात आणि दोन-तीन मिनिटांनी पुन्हा चालू लागतात. म्हणतात, वय झालं. तक्त्यात वाचून मी त्यांच्यासाठी दाबाचे घट्ट मोजे मागवलेत आणि रात्री पायांखाली दोन उशा देते. सिगारेट चाळीस वर्षं ओढली, आता 'कमी' केली आहे.

– नखं मोजणारी

उत्तर

प्रिय नखं मोजणारी,

ताज्या कलमापासून सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातला खरा मजकूर तिथेच आहे. मोजे बाबांच्या पायात चढवू नका. उशा आज रात्रीच काढा. आणि याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे न्या. धावतपळत जाण्याची वेळ नाही, पण 'वय झालं' म्हणून सोडून देण्यासारखी तक्रारही नाही ही.

तुमच्या स्वतःच्या सहा खुणांपैकी एकीसाठीही मी तपासणी सांगणार नाही. का, ते ओघात येईल.

तक्त्याची खोड अशी की तो प्रत्येक अवयवाला कातडीवर एकेक जागा वाटून देतो. नखावर हृदय, पाळीवर मेंदू, तळव्यावर किडनी. शरीरात अशी वाटणी नाही. आतलं दुखणं बाहेर कुठे दिसणार हे रक्ताच्या वाटेवरून ठरतं: त्या जागी रक्त कुठून येतं आणि तिथून पुढे कुठे जातं. ही वाट एकदा लक्षात आली की तक्त्यातल्या बहुतेक खुणा आपोआप गळून पडतात, आणि ज्या उरतात त्या तक्त्यात नसतातच.

वाट अशी. अंगभर फिरून परतलेलं रक्त हृदयाच्या उजव्या भागात येतं आणि तो भाग ते सगळंच्या सगळं फुप्फुसांकडे धाडतो. तिथून प्राणवायू घेऊन ते डाव्या भागात येतं, आणि डावा भाग ते महाधमनीत ढकलतो. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसात हा फेरा मिनिटाला साधारण ५ लिटरचा. अंगात रक्तही जवळपास तेवढंच असतं. फुप्फुसांना पाचही लिटर मिळतात. बाकीच्यांना वाटून घ्यावं लागतं, आणि ही वाटणी वजनाप्रमाणे होत नाही. दोन्ही मूत्रपिंडं मिळून जेमतेम ३०० ग्रॅमची, पण त्यांच्यातून मिनिटाला लिटरभर रक्त जातं. ते त्यांच्या स्वतःच्या भुकेसाठी नव्हे, गाळण्याच्या कामासाठी. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव ती गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात ओढून घेतात. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण मिनिटाला पाऊण लिटर रक्त घेतो. आतडी आणि यकृत मिळून चौथा हिस्सा. त्यातही यकृताची तऱ्हा निराळी. त्याच्याकडे येणारं जवळजवळ तीन-चतुर्थांश रक्त आधीच आतड्यांतून आणि प्लीहेतून फिरून आलेलं असतं, एकाचं उष्टं दुसऱ्याला मिळावं तसं.

पायांच्या स्नायूंना बसल्या जागी फारसं काही लागत नाही. चालायला लागलं की त्यांची मागणी कित्येक पटींनी वाढते. मग धमन्या सैलावतात, हृदय जोर वाढवतं, आतडी आणि मूत्रपिंडं यांचा वाटा तेवढ्यापुरता कापला जातो आणि स्नायूंची गरज भागते. धमन्या निरोगी असतील तर.

बाबांची गोष्ट इथे सुरू होते. मांडीतल्या धमनीत वर्षानुवर्षं चरबी आणि चुना साचून ती अरुंद होते. नळीची त्रिज्या अर्धी झाली तर त्याच दाबाने तिच्यातून जाणारा प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो. एकोणिसाव्या शतकात एका फ्रेंच डॉक्टरानेच हा हिशोब घालून दिला. तरीही बसल्या बसल्या बाबांचा पाय दुखत नाही, कारण अरुंद जागेच्या पुढच्या बारीक धमन्या सैलावून आणि आजूबाजूच्या फांद्या रुंदावून ही तूट भरून काढतात. मात्र सैलावण्याची ती शिल्लक अशी बसल्या जागीच खर्च होऊन जाते. चालताना पोटरी आणखी रक्त मागते तेव्हा द्यायला काही उरलेलं नसतं. प्राणवायूविना राबणारा स्नायू भरून येतो, आखडतो, दुखतो. थांबलं की मागणी उतरते आणि दोन-तीन मिनिटांत पाय मोकळा होतो. पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा तेच.

दुखणं पोटरीत आहे म्हणून अडथळाही पोटरीतच असेल असं नाही. तो सहसा एक मजला वर असतो. पोटरी दुखते तेव्हा अडलेलं असतं मांडीत. मांडी किंवा कुल्ला दुखतो तेव्हा त्याच्याही वर, ओटीपोटात. खरा तक्ता काढायचाच झाला तर तो असा निघेल.

हीच गोष्ट छातीत घडली की आपण लगेच धावतो. हृदयाचा स्नायू तर आणखी कोंडीत असतो. बाकीचे अवयव रक्तातला थोडाच प्राणवायू काढून घेतात, पण हृदय स्वस्थपणीसुद्धा आपल्या वाट्याच्या रक्तातला सत्तरएक टक्के प्राणवायू काढून घेतं. जास्त हवा असेल तर जास्त रक्त आणण्यावाचून त्याला गत्यंतर नाही, आणि अरुंद धमनी तेच करू देत नाही. जिना चढताना छाती भरून येणं आणि चालताना पोटरी भरून येणं, या एकाच रोगाच्या दोन जागा आहेत. ज्याच्या पायाच्या धमन्यांत गाळ आहे त्याच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही तो असण्याची शक्यता बरीच असते. मला घाई आहे ती एवढ्यासाठी. पाय वाचवायचा आहेच, पण माझी जास्त नजर बाबांच्या छातीवर आहे.

एक शंका मात्र ठेवायला हवी. कण्यातली पोकळी अरुंद होऊन नसा (मज्जातंतू) दबल्या तरी चालताना पाय भरून येतात. तेव्हा नुसतं उभं राहून भागत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. तुमच्या वर्णनात बाबा उभ्या उभ्याच मोकळे होतात. तरी त्यांना एकदा विचारा: थांबल्यावर नुसतं उभं राहिलं तरी चालतं, की बूड टेकावंसं वाटतं?

आता मोजे आणि उशा. कालव्यात दरड कोसळली की पुढच्या जमिनीला कोरड पडते आणि मागच्या अंगाला पाणी तुंबतं. रक्ताचंही तसंच. धमनी अडली की पुढे कोरड: पाय फिका, गार, नडगीवरचे केस विरळ, कातडी चकचकीत, छोटी जखमही आठवडेच्या आठवडे न भरणारी. रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरा निकामी झाल्या किंवा पंप थकला की मागे तुंब: सूज, जडपणा, घोट्याच्या आतल्या बाजूला तपकिरी डाग, संध्याकाळपर्यंत वाढणारा त्रास. हृदयाचा उजवा भाग थकला तर घोटे सुजतात आणि मानेच्या शिरा फुगतात. डावा थकला तर फुप्फुसांत तुंबतं आणि माणसाला आडवं झालं की धाप लागते. यकृत कडक झालं तर तुंब पोटात उतरते, प्लीहा वाढते, पोटात पाणी होतं.

पाय उशीवर घेणं आणि दाबाचे मोजे घालणं, हे दोन्ही तुंबलेल्या पायाचे उत्तम उपाय आहेत. ज्या पायात रक्त पोचण्याचीच मारामार आहे त्याला ते मारक ठरतात. पाय हृदयापेक्षा दर १३ सेंटिमीटर वर उचलला की तिथला दाब पाऱ्याच्या साधारण १० मिलिमीटरने उतरतो. दोन उशा म्हणजे किती, हिशोब करा. त्यात घट्ट मोजाही बाहेरून आवळणार. आधीच कमजोर प्रवाह आणखी दबतो, आणि अशा पायावर कातडी मरेपर्यंत, बोटं काळी पडेपर्यंत मजल गेल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. म्हणून दाबाचे मोजे देण्याआधी पायाची नाडी तपासायची असा नियमच आहे. तक्त्यात तो नसणार.

बाबा रात्री त्या उशा झोपेत ढकलून देतात का? किंवा पाय पलंगाखाली सोडून बसतात का, तसं केल्यावर बरं वाटतं का? हे आजच विचारा. उत्तर 'हो' असेल तर आठवड्याचा अवधीही देऊ नका, उद्या जा. बसल्या जागी, रात्री पाय दुखायला लागणं ही या रोगाची पुढची पायरी असते.

घरी बघायचंच असेल तर नखांऐवजी हे बघा. बाबांना आडवं करा. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याकडे जाणारी जी ताठ दोरी दिसते तिच्या बाहेरच्या अंगाला दोन-तीन बोटांची टोकं हलकेच ठेवा. तिथे नाडी लागते. दुसरी लागते आतल्या घोट्याच्या मागे. अंगठ्याने बघू नका, स्वतःचीच नाडी मोजाल. दोन्ही पाय पडताळा. वरची नाडी काही निरोगी माणसांतही सापडत नाही, पण डाव्या पायात दोन्ही ठणठणीत आणि उजव्यात एकही नाही, असं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. मग दोन्ही पाय मिनिटभर उंच धरा. एक तळवा पांढराफटक पडला आणि पाय खाली सोडल्यावर उशिरा, तोही काळपट लाल झाला, तर रक्त वर चढायला झगडतंय. खाली सोडलेला पाय लालबुंद दिसला म्हणून रक्त भरपूर आहे असं समजू नका. उपाशी राहून सैलावलेल्या केशवाहिन्यांचा, म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा, तो रंग आहे.

डॉक्टर बहुधा घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजतील आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतील. सुई नाही, दुखणं नाही. भागाकार १ च्या आसपास किंवा थोडा वर हवा. ०.९ किंवा त्याहून खाली आला तर धमन्या अरुंद आहेत असं धरतात. मधुमेहाच्या माणसात कधीकधी धमन्यांत चुना भरून त्या दाबल्याच जात नाहीत, तेव्हा हा आकडा फसवा उंच येतो आणि पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. बाबांना साखर असेल तर ते न विचारताच सांगा. सोबत साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी होईल. बहुतेकांना लगेच शस्त्रक्रिया लागत नाही. रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी सुरू होते, आणि मग जे सांगितलं जातं ते ऐकून घरचे बुचकळ्यात पडतात: चाला.

हो, चाला. पोटरी भरून येईपर्यंत चालायचं, जरा सोसेल इतकं पुढे जायचं, थांबायचं, मोकळं झालं की पुन्हा. अशी तीस ते पंचेचाळीस मिनिटं, आठवड्यातून निदान तीनदा, किमान तीन महिने. चालण्याने धमनीतला गाळ निघत नाही, पण स्नायू मिळेल त्या प्राणवायूत काम भागवायला शिकतो आणि बाजूच्या वाटा रुंदावतात. न थांबता चालण्याचं अंतर चांगलंच वाढतं. फक्त डॉक्टरांनी हृदय तपासल्यावर सुरू करा, आणि पावलावर जखम असेल तर मुळीच नको.

सिगारेटीबद्दल. 'कमी केली' याला धमनी फारशी दाद देत नाही. पायाच्या धमन्यांवर तंबाखूचा जेवढा राग दिसतो तेवढा क्वचितच दुसऱ्या कुठे दिसतो. तिथे पूर्ण बंद हीच मात्रा, आणि त्यासाठी निकोटिनच्या चकत्या, गोळ्या, समुपदेशन अशी मदत डॉक्टरांकडे मिळते. चाळीस वर्षांची सवय नुसत्या निश्चयावर सोडायला सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

बाबांना न्यायचं कसं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण अडचण तिथेच येणार. जो माणूस थांबल्यावर मोबाइल काढतो त्याला काहीतरी होतंय हे ठाऊक असतं, ते दिसू द्यायचं नसतं. 'तुम्हाला रोग झालाय' म्हणून सुरुवात केलीत तर ते उद्यापासून चालणंच कमी करतील, पोटरी दुखायची थांबेल आणि सगळे निर्धास्त होतील. त्यापेक्षा त्यांच्याबरोबर चालायला जा आणि किती पावलांवर पोटरी भरते ते दोघांनी मिळून मोजा. सपाटीवर किती, चढावर किती. हा आकडा डॉक्टरांना हवाच असतो आणि मोजण्यात बाबांचा मान जात नाही.

आता तुमच्याकडे वळू. पोटातली धडधड आधी घेते, कारण तिचं एक टोक पुन्हा बाबांकडे जातं. महाधमनी छातीतून उतरून मणक्यांच्या पुढून येते आणि बेंबीच्या आसपास दोन पायांसाठी दुभंगते. अंगाने बारीक माणूस उताणा झोपला, पोट सैल पडलं, आजूबाजूला शांत झालं की तिचा ठोका जाणवतो. जीव घाबरा असेल तर जास्तच. तुमच्या वयात तो ऐकून कूस बदलावी आणि झोपावं. पण चाळीस वर्षं सिगारेट ओढलेल्या ६८ वर्षांच्या माणसात हीच धमनी कधीकधी फुग्यासारखी रुंदावत जाते. एरवी तिची रुंदी साधारण २ सेंटिमीटर. ३ च्या पुढे गेली की तो फुगा समजतात. फुटेपर्यंत तो बहुधा काहीच सांगत नाही. काही देशांत ६५ नंतर पुरुषांची एकदा पोटाची सोनोग्राफी करतात ती याचसाठी. तेव्हा धडधड तुमच्या पोटात असली तरी सोनोग्राफीचं बाबांसाठी विचारा.

श्वासाबरोबर नाडी कमी-जास्त होणं हे तरुण, निरोगी हृदयाचं लक्षण आहे. श्वास आत घेताना हृदयाला आवर घालणारी नस जरा ढिली पडते, सोडताना पुन्हा लगाम खेचते. वय वाढतं तसा हा फरक पुसट होतो. काळजीची नाडी निराळी असते. तिचा ताल कशालाच जुळत नाही, दोन ठोक्यांतलं अंतर दर वेळी भलतंच, श्वास रोखला तरी तसंच. अशा वेळी हृदयाचा वरचा डावा कप्पा नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसता थरथरत असू शकतो. रक्त त्यात रेंगाळतं, गुठळी होते, आणि डाव्या बाजूची गुठळी सुटली की महाधमनीतून मेंदूत, पायात, मूत्रपिंडात कुठेही जाऊन बसते. पायाच्या खोल शिरेत झालेली गुठळी मात्र वाहत वाहत हृदयाच्या उजव्या भागात आणि तिथून फुप्फुसांत अडकते. मेंदूपर्यंत ती सहसा पोचतच नाही, कारण वाटेत फुप्फुसांची चाळण आहे. प्रवासात फार वेळ बसून किंवा शस्त्रक्रियेनंतर पडून राहून एकच पोटरी सुजली, आणि मग अचानक धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत टोचलं, तर पाय आणि छाती या दोन वेगळ्या तक्रारी समजू नका. बाबांची नाडी बघाल तेव्हा ताल लागतो का, हेही बघून घ्या.

हातांच्या शिरांवर मी जरा रेंगाळणार आहे. मला त्या आवडतात, आणि रक्ताभिसरणाचा शोध त्यांच्यावरच उभा आहे. हात खाली लोंबू द्या. शिरा भरल्या की मनगटापासून कोपराकडे जाणारी एक लांब, सरळ शीर निवडा. तिच्या खालच्या टोकाला एक बोट दाबून धरा, आणि दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे रक्त निपटत न्या. मग वरचं बोट उचला. शीर रिकामीच राहील. वरून रक्त खाली येणार नाही. आता खालचं बोट सोडा, ती झरकन भरेल. विल्यम हार्वी या इंग्लिश डॉक्टराने १६२८ साली छापलेल्या लॅटिन ग्रंथात हाच प्रयोग चित्रांसह दिला आहे. शिरांतल्या झडपा त्याच्या इटलीतल्या पाडुआमधल्या गुरूने, फाब्रिसियसने, आधीच दाखवल्या होत्या. पण त्या खाली येणाऱ्या रक्ताचा वेग कमी करण्यासाठी आहेत असं त्याला वाटत होतं. प्राचीन ग्रीक वैद्य गॅलनपासून चालत आलेली समजूत अशी की यकृत रक्त बनवत राहतं आणि अवयव ते संपवत राहतात. हार्वीने साधा हिशोब घातला. दर ठोक्याला हृदयातून अगदी थोडं रक्त जातं असं धरलं, तरी अर्ध्या तासात होणारी बेरीज अंगातल्या एकूण रक्तापेक्षा जास्त भरते. एवढं नवं रक्त कुठलं यकृत बनवणार? म्हणजे तेच रक्त फिरून येत असलं पाहिजे. धमन्यांतून ते शिरांत कसं जातं, हे मात्र त्याला बघायला मिळालं नाही. १६५७ मध्ये तो वारला, आणि १६६१ मध्ये माल्पिगी या इटालियन डॉक्टराला बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या दिसल्या.

तुमच्या शिरा फुगलेल्या दिसतात कारण कातडीखाली चरबी कमी आहे आणि हात खाली आहे. हात डोक्यावर धरा, त्या बसतील. बसल्या की विषय संपला. निळ्या दिसतात तो प्रकाशाचा खेळ; आतलं रक्त गडद लाल असतं. ते अशुद्धही नसतं. अंगभर फिरून हृदयात परतताना त्यात तीन-चतुर्थांश प्राणवायू शिल्लक असतो. निळेपणा बघायचा तर जिभेवर बघतात. बोटं थंडीनेही निळी होतात. जीभ सदैव ऊबेत असते, ती निळसर झाली तर दोष फुप्फुसात किंवा हृदयात शोधावा लागतो. यातही एक मेख आहे. हा रंग दिसायला प्राणवायू नसलेलं हिमोग्लोबिन पुरेसं साठावं लागतं, त्यामुळे ज्याच्या अंगात मुळात हिमोग्लोबिनच कमी, तो गंभीर असूनही निळा दिसत नाही.

नखांचे अर्धचंद्र बहुतेकांना अंगठ्यावरच नीट दिसतात. बाकीच्या बोटांवर ते कातडीच्या दुमडीखाली असतात. झालं. नखांची खरी खूण दुसरीच आहे. दोन्ही तर्जन्यांची नखं एकमेकांना पाठीला पाठ लावून टेकवा. नखांच्या मुळाशी चौकोनी फट दिसली की ठीक. ती बुजली असेल आणि बोटांची टोकं गोलाकार फुगली असतील, तर फुप्फुसाचा किंवा हृदयाचा जुना आजार बघावा लागतो. ही फटीची तपासणी लिओ शॅमरॉथ या हृदयरोगतज्ज्ञाने १९७६ मध्ये स्वतः आजारी असताना स्वतःच्याच बोटांवर हेरली.

कानाच्या पाळीची घडी ही तक्त्यातली एकमेव खूण, जिच्यामागे थोडी तरी वैद्यकीय चर्चा आहे. १९७३ साली सँडर्स फ्रँक नावाच्या डॉक्टरांनी हृदयरुग्णांत ती दिसते असं लिहिलं, आणि नंतरच्या काही पाहण्यांत संबंध दिसलाही. पण ही घडी वयानेही पडते, झोपण्याच्या सवयीनेही पडते, आणि तिच्यावरून कुणाचंही निदान होत नाही. गार हातांचं म्हणाल तर कातडी हा अंगातली ऊब राखण्याचा पडदा आहे. थंडीत आणि काळजीत तिचं रक्त सर्वात आधी आखडतं. बोटं स्पष्ट रेघ मारल्यासारखी पांढरी, मग निळी, मग लाल होत असतील तरच दाखवा.

वर्षातून एकदा रक्तदाब मोजा. उंचावलेला रक्तदाब नखावर, कानावर, कुठेच दिसत नाही, आणि धमन्यांचं नुकसान तो मुकाट्याने करत राहतो. तक्त्यात त्याला जागा नाही ती म्हणूनच.

राहिलं एक, आणि ते घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. बाबांचा पाय कधीही अचानक दुखू लागला, पांढरा आणि गार पडला, बधिर झाला, बोटं हलेनाशी झाली, तर धमनी पूर्ण बंद झाली असं समजा. चोळू नका, शेकू नका, पाय उंच करू नका, सकाळची वाट पाहू नका. रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात थेट न्या. पायाचे स्नायू रक्तावाचून सहाएक तासच तग धरतात, त्यातले निम्मे घरातल्या चर्चेत जायला नकोत. असं रुग्णालय तुमच्याजवळ कोणतं, हे या आठवड्यात डॉक्टरांकडे जाल तेव्हाच विचारून नंबर मोबाइलमध्ये ठेवा.